गॅसचं ग्रिल की कोळशाचं? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी निवडीची रीत

दिवाळी उलटून हवेत जरा गारवा आला की घोडबंदर रोडच्या टॉवरपासून खारघरच्या रो-हाउसपर्यंत एक प्रश्न हमखास निघतो: घरी बार्बेक्यू घ्यायचाय, गॅसचा घ्यावा की कोळशाचा? उत्तर देणारे बहुतेक जण चवीपासून सुरुवात करतात. मी जागेपासून करते. आपल्याकडे घरं आणि गच्च्या ज्या प्रकारच्या आहेत, त्यात अर्धा निर्णय जागाच घेऊन टाकते. चवीचा विचार त्यानंतर येतो.

माझं मत आधीच सांगून ठेवते. स्वतःची उघडी गच्ची किंवा अंगण आहे आणि दर आठवड्या-पंधरवड्याला भाजायची हौस आहे, तर गॅस घ्या. सोसायटीची सामाईक गच्ची आणि हिवाळ्यातले मोजके बेत असतील, तर झाकण असलेलं कोळशाचं ग्रिल घ्या. आणि काचा लावून बंद केलेली बाल्कनी एवढीच जागा असेल, तर दोन्ही घेऊ नका. तुमचं घर यातल्या कोणत्या गटात बसतं, हे पुढच्या पायऱ्यांनी ठरवता येईल.

पहिली पायरी: जागा मोजा आणि वर-खाली बघा

संध्याकाळी सहाच्या सुमाराला, जिथे ग्रिल ठेवायचं मनात आहे तिथे जाऊन उभे राहा. हातात मोजपट्टी असू द्या. ग्रिलभोवती सगळ्या बाजूंनी निदान 3 मीटर, म्हणजे दहा फूट, जळण्यासारखं काही नको. वर छप्पर नको. ताडपत्री नको, फायबरचा पत्रा नको, वाळत घातलेले कपडे नकोत.

बाल्कनीत हे अंतर मिळतच नाही. शिवाय आपल्या बाल्कन्यांना कबुतरांसाठी नायलॉनची जाळी लावलेली असते, आणि नायलॉन ठिणगीने वितळतं. वरच्या मजल्यावर कुणाची जाळी, कुणाचे पडदे, कुणाच्या एसीचं बाहेरचं युनिट. धूर सरळ वर जाऊन शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. त्यात तुमच्या घरात कुणी दम्याचं असो की वरच्या घरात, त्रास होणारच.

काचेच्या सरकत्या खिडक्या लावलेल्या बाल्कनीबद्दल जास्त स्पष्ट बोलायला हवं. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे धूर सोडायचे थांबले, लालबुंद झाले, की माणसाला वाटतं आता काही धोका नाही. प्रत्यक्षात त्या अवस्थेतही हा वायू निघत असतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, मग झोप. एक खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही. गॅसच्या ग्रिललाही हवा कमी पडली तर हाच वायू तयार होतो. म्हणून बंद किंवा अर्धवट बंद जागेत दोन्ही नकोत, आणि पावसाची सर आली म्हणून पेटलेली शेगडी उचलून घरात आणणं तर अजिबात नको.

अशा घरांसाठी विजेवरचं ग्रिल हा खरा पर्याय आहे. फक्त प्लग तपासा. साधारण 2000 वॅटचं ग्रिल 230 व्होल्टला जवळजवळ 9 अँपिअर ओढतं. बाल्कनीत बहुधा छोटा 6 अँपिअरचा सॉकेट असतो, तिथे ते चालवू नये. गीझर किंवा एसीसाठी असतो तसा 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. एक्स्टेन्शन बोर्डवर अवलंबून राहू नका. विजेवर धुराची चव येत नाही, पण कणीस, पनीर, कोळंबी छान भाजली जाते.

आता गच्ची. सोसायटीची गच्ची असेल तर खालचं वॉटरप्रूफिंग बघा. डांबरी पट्टे किंवा प्लास्टिकसारखा थर चढवला असेल तर उष्णतेने तो मऊ पडतो आणि पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावर गळती सुरू होते. नुसती फरशी किंवा कोबा असेल तरीही निखारे थेट त्यावर पडू देऊ नका. शहाबादी आणि काँक्रीट दोन्ही अचानक तापल्यावर तडकतात. ग्रिलच्या पायांखाली पत्र्याचा तुकडा, त्याखाली विटा किंवा वाळूचा थर, एवढी तयारी पुरते. आणि टॉवरमधला जो रेफ्यूज मजला असतो, तो आगीच्या वेळी माणसांनी थांबण्यासाठी मोकळा ठेवायचा असतो. तिथे ग्रिल मांडायचं नाही, कितीही ऐसपैस आणि वाऱ्याची जागा वाटली तरी.

वारा हा उंच इमारतींचा वेगळा विषय आहे. ठाण्यात आणि खाडीकाठच्या नवी मुंबईत दुपारनंतर वारा साधारण समुद्राकडून, पश्चिमेकडून येतो. विसाव्या-तिसाव्या मजल्याच्या गच्चीवर तो एवढा जोरात असतो की कोळशाच्या ठिणग्या कठड्याबाहेर जातात आणि गॅसची ज्योत विझते. गॅसची ज्योत विझली आणि नॉब चालूच राहिला, तर गॅस साचतो. म्हणून उंच गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीचा आडोसा शोधा, मात्र भिंतीपासून पुरेसं अंतर ठेवून. वारा फार असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करा.

जाता जाता येऊरबद्दल. "आमच्याकडे जागा नाही, येऊरला जाऊ" असं ठाण्यात सहज म्हटलं जातं. येऊरच्या गावातल्या खासगी बंगल्याच्या अंगणाची गोष्ट निराळी. पण तिथलं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. राष्ट्रीय उद्यानात आग लावणं हा गुन्हा आहे, आणि जानेवारीनंतर तिथलं गवत आणि पानांचा थर इतका वाळलेला असतो की एक निखारा पुरतो.

दुसरी पायरी: सोसायटीशी आधी बोला

ग्रिल घेण्याआधी, घेतल्यावर नव्हे. सामाईक गच्ची सगळ्या सभासदांची असते. तिच्यावर विस्तव पेटवायचा तर व्यवस्थापन समितीची परवानगी लेखी घ्यावी. सचिवांना अर्ज देताना तारीख, वेळ, किती माणसं, गच्चीचा कोणता कोपरा, आणि विझवायची काय सोय आहे हे लिहा. पाण्याच्या दोन बादल्या, वाळूची एक बादली आणि चालू स्थितीतलं अग्निशामक नळकांडं हाताशी असेल असं लिहिलंत, आणि तसं खरंच ठेवलंत, तर समिती बहुधा विरोध करत नाही. राख कुठे टाकणार हेही लिहा. समितीला सगळ्यात जास्त काळजी गच्ची कोण साफ करणार याची असते.

इथेच गॅस आणि कोळशाचा पहिला मोठा फरक पडतो. भरलेला 14.2 किलोचा सिलिंडर टाकीसकट साधारण 30 किलो भरतो. तो लिफ्टने गच्चीवर नेणं बऱ्याच सोसायट्यांना मान्य नसतं, आणि त्यांचं बरोबर आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो खाली साचतो, लिफ्टच्या खड्ड्यात किंवा जिन्यात उतरतो. कोळशाची गोणी नेताना हा प्रश्न येत नाही. सामाईक गच्चीसाठी मी कोळशाकडे झुकते, त्याचं एक मोठं कारण हे.

शेजाऱ्यांचा विचारही याच वेळी करा. मजल्यावर शाकाहारी कुटुंबं असतील, मार्गशीर्षातले गुरुवार असतील, तर बेताचा वार बघून घ्या. पनीर आणि भाज्या भाजायला वेगळी जाळी, वेगळा चिमटा ठेवा आणि ते आधी भाजून वाढा. दोन-तीन बर्नरच्या गॅस ग्रिलवर बहुधा जाळीचे तुकडे सुटे असतात, त्यामुळे ही वाटणी सोपी जाते. गोल कोळशाच्या ग्रिलवर दुसरी जाळीच विकत घ्यावी लागते.

तिसरी पायरी: वर्षात किती वेळा, किती माणसांसाठी

प्रामाणिकपणे उत्तर द्या. आपल्याकडे उघड्यावर भाजायचे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये निखाऱ्यांसमोर उभं राहवत नाही, जून ते सप्टेंबर पाऊस. म्हणजे सामाईक गच्ची वापरणाऱ्या घराचे बेत बोटांवर मोजण्याइतकेच होतात. एवढ्यासाठी मोठं, जड, चाकांचं गॅस ग्रिल घेतलं तर वर्षातले आठ महिने ते जागा अडवून बसतं.

याउलट ऐरोली, नेरूळ, खारघरच्या रो-हाउसमध्ये किंवा घराला जोडून स्वतःची उघडी गच्ची असलेल्या फ्लॅटमध्ये गॅस ग्रिल पावसाळा सोडून बाकी वर्षभर वापरात राहतं. ऑफिसातून आल्यावर आठ वाजता पेटवलं, दहा-पंधरा मिनिटांत तापलं, नऊ वाजता जेवणं. कोळशाला पेटायलाच वीसेक मिनिटं लागतात, जाळी तापेपर्यंत अर्धा तास, आणि जेवण झाल्यावर निखारे निवेपर्यंत लक्ष ठेवावं लागतं. रोजच्या दिवसात हे जमत नाही. रविवारी जमतं, आणि तेव्हा निखाऱ्यांभोवती बसणं हाच कार्यक्रमाचा मुख्य भाग असतो.

मापाचा अंदाज असा: चार-पाच माणसांसाठी 45 ते 47 सेंटीमीटर व्यासाचं गोल ग्रिल किंवा दोन बर्नरचं गॅस ग्रिल. आठ-दहा माणसं नेहमी जमत असतील तर 57 सेंटीमीटर किंवा तीन बर्नर. त्याहून मोठं घरात नको.

चौथी पायरी: ताटात काय येणार ते ठरवा

चवीचा मुद्दा इथे. भाजल्याची जी खमंग चव आपल्याला हवी असते, ती मुख्यतः दोन गोष्टींतून येते. एक, पदार्थाचा पृष्ठभाग साधारण 140 अंश सेल्सिअसच्या वर गेला की प्रथिनं आणि साखर यांची क्रिया होऊन तो तपकिरी होतो. दोन, चरबी आणि मसाल्याचा रस खालच्या तापलेल्या भागावर पडून त्याची वाफ आणि धूर वर येतो. या दोन्ही गोष्टी गॅसवरही होतात. चांगल्या गॅस ग्रिलमध्ये बर्नरवर उलट्या व्ही आकाराच्या पट्ट्या असतात, रस त्यांच्यावर पडून धूर होतो. त्यामुळे दहा मिनिटांत भाजून होणारी कोळंबी किंवा पनीर गॅसवरचं की कोळशावरचं, हे डोळे मिटून ओळखणं अवघड आहे.

मग कोळशाचं वेगळेपण कशात? निखारा थेट किरणांनी तापवतो आणि त्याची उष्णता कोरडी असते. एलपीजी जळताना पाण्याची वाफ तयार होते. प्रोपेनचा हिशेब मांडला तर 1 किलो गॅसमागे साधारण 1.6 किलो पाणी. कोळसा म्हणजे बहुतांश कार्बन, त्यातून वाफ फारच कमी निघते. म्हणून बांगड्याची कातडी कोळशावर जास्त कुरकुरीत होते, टंगडीवर कडेचे काळसर डाग चटकन येतात. अर्धा-पाऊण तास झाकण ठेवून भाजायचं असेल, म्हणजे अख्खी कोंबडी किंवा मोठा रावस, तर कोळशाचा आणि त्यात टाकलेल्या लाकडाच्या ढलप्यांचा वास नक्की उतरतो.

मासे आपल्याकडे जास्त, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं अधिक. बेलापूरच्या दिवाळे बाजारातून किंवा ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूने ताजे बांगडे, पापलेट आणलंत तर त्यांना तीन गोष्टी लागतात: कोरडं अंग, खूप तापलेली स्वच्छ जाळी आणि धीर. आगळ, हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवा, मग जादा ओल फडक्याने टिपून माशालाच तेल लावा. जाळीवर ठेवल्यावर तो स्वतःहून सुटेपर्यंत हलवायचा नाही. ओढाताण केली की कातडी जाळीवर राहते. माशाच्या आकाराची दुहेरी जाळी मिळते, ती घ्याच. सुरमईची तुकडी फार कोरडी होते असं वाटलं तर केळीच्या पानात गुंडाळा. हे सगळं गॅसवर जास्त सोपं आहे, कारण आंच हवी तेवढी आणि हवी तिथे मिळते. फक्त लहान मासे भाजणाऱ्या घराला मी गॅसच सुचवेन, जागेची अडचण नसेल तर.

कोंबडी, मटणाचे शीग, अख्खं वांगं, रताळी यांना मात्र निखारा न्याय देतो. भरताचं वांगं निखाऱ्यांच्या कडेला ठेवून मंद भाजलं की आतपर्यंत धूर जातो. आणि पनवेल-अलिबागकडची पोपटी ज्यांनी खाल्ली आहे, त्यांनी ती चव ग्रिलवर शोधू नये. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, उलटं मडकं आणि त्याभोवती पेटवलेला जाळ यांनी ती बनते. त्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीत रायगडात कुणाच्या तरी शेतावर जावं.

गॅस घेऊनही धुराची ओढ असेल तर धुंगार आहेच. भाजलेल्या कोंबडीच्या पातेल्यात मधोमध वाटी ठेवा, तिच्यात एक लाल निखारा, त्यावर चमचाभर तूप, आणि लगेच झाकण. दोन-तीन मिनिटं पुरतात. त्याहून जास्त ठेवलं तर कडवटपणा येतो. हेही उघड्यावरच करा.

पाचवी पायरी: इंधन कुठून येणार

ठाणे आणि नवी मुंबईत महानगर गॅसची पाइपलाइन बऱ्याच घरांत आली आहे, आणि तिथे लोकांनी सिलिंडर परत केलेले असतात. दुकानात मिळणारी गॅस ग्रिलं बहुतेक एलपीजीसाठी बनवलेली असतात. ती पाइपच्या गॅसवर तशीच चालत नाहीत. घरातल्या पाइपच्या नैसर्गिक वायूचा दाब 21 मिलिबारच्या आसपास असतो, एलपीजीच्या घरगुती रेग्युलेटरचा 30 मिलिबारच्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या नैसर्गिक वायूत उष्णता निम्म्याहून कमी, म्हणून त्याला मोठ्या छिद्राचे जेट, म्हणजे बर्नरमध्ये गॅस सोडणारी तोंडं, लागतात. एलपीजीचं ग्रिल पाइपला जोडलं तर ज्योत मरतुकडी येते. उलट केलं तर ज्योत उंच आणि काजळी धरणारी होते, आणि ते धोकादायक आहे. पाइप गच्चीपर्यंत वाढवायचा असेल किंवा जेट बदलायचे असतील तर गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्या. ओळखीच्या प्लंबरकडून करवून घेण्याचं हे काम नाही.

पाइप गॅसच्या घराला ग्रिलसाठी 5 किलोचा छोटा सिलिंडर सोयीचा. ओळखपत्र दाखवून गॅस एजन्सीकडे मिळतो. रेग्युलेटर आणि नळी त्याच वेळी घ्या. परदेशी ग्रिलबरोबर आलेला रेग्युलेटर आपल्या सिलिंडरला बसेलच असं नाही. नळी आयएसआय छापाची घ्या, तिच्यावरची मुदत वाचा, आणि ती दीड मीटरपेक्षा लांब ठेवू नका. सुमारे 6 किलोवॅटचं दोन बर्नरचं ग्रिल पूर्ण आंचेवर तासाला साधारण अर्धा किलो गॅस घेतं. म्हणजे 5 किलोत दहा तास. एका बेताला दीड तास धरला तरी सहा बेत सहज.

कोळशात दोन प्रकार घरगुती कामाचे. लाकडी कोळसा लवकर पेटतो, कडक तापतो, पण तुकडे लहान-मोठे असल्याने आंच कमी-जास्त होते. दाबून केलेल्या वड्या, विशेषतः नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या, पेटायला उशीर लावतात पण तासभर एकसारख्या जळतात आणि ठिणग्या कमी उडवतात. उंच गच्चीवर वड्याच वापरा. दगडी कोळसा अन्नाखाली कधीही नको, त्याच्या धुरात गंधक असतं.

लाकडी कोळसा किलोवर कुठे मिळेल ते तुमच्या गल्लीतल्या कोळशाच्या इस्त्रीवाल्याला विचारा. त्याला वखार ठाऊक असते, आणि तिथला माल ऑनलाइन पिशवीपेक्षा स्वस्त पडतो. घेताना एक तुकडा मोडून बघा. आतपर्यंत काळा आणि मोडताना खणखणीत आवाज आला तर चांगला. आत तपकिरी लाकूड दिसलं किंवा हाताला दमट लागला, तर तो नुसता धूर करणार. चार-पाच माणसांच्या बेताला दीड किलो पुरतो.

सहावी पायरी: दुकानात काय तपासायचं

झाकण हवंच. झाकणाचं गोल कोळशाचं ग्रिल 1952 मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्टीफन यांनी बनवलं. समुद्रात तरंगणाऱ्या खुणेच्या बोयासाठी घडवलेला धातूचा गोळा त्यांनी मधून कापला होता, वाऱ्यापासून आंच वाचवायला. आपल्या गच्चीवर अडचण तीच आहे. झाकणाला आणि तळाला दोन्हीकडे हवेची भोकं उघडझाप करणारी हवीत. तळाचं भोक आंच वाढवतं-कमी करतं, वरचं धूर बाहेर सोडतं. दोन्ही बंद केली की विस्तव विझत जातो. उघड्या पेटीसारखी स्वस्त शेगडी टिक्क्याला चालते, पण वाऱ्यात तिच्यावर ताबा राहत नाही.

खाडीची दमट, खारट हवा लोखंडाला सोडत नाही. म्हणून पत्रा जाड आहे का, मुलामा कडेला आणि स्क्रूच्या भोकांपाशी उडालेला नाही ना, हे निरखून बघा. स्टेनलेस स्टील असं लिहिलं असेल तर खिशात लोहचुंबक घेऊन जा. 304 जातीचं स्टील चुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. 430 चिकटतं आणि लवकर गंजतं. गॅस ग्रिलच्या बर्नरच्या नळ्यांना हे आधी लागू करा, बाहेरच्या चकचकीत झाकणाला नंतर, कारण आधी सडतात त्या नळ्या.

जाळी हातात उचलून बघा. बिडाची जड जाळी उष्णता धरून ठेवते, माशाला उत्तम. पण तिला दर वेळी तेलाचा हात लागतो. पातळ क्रोमच्या जाळीचं आयुष्य थोडं. ग्रिल हलवून बघा, पाय डगमगत असतील तर सोडून द्या. गॅस ग्रिलमध्ये ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असेल तर उंच गच्चीसाठी त्याचे थोडे जास्त पैसे जरूर द्या. आणि विकत घेण्याआधी विचारा की बर्नर, नॉब, जाळी सुट्या मिळतात का. सुटे भाग मिळत नसतील तर एका पावसाळ्यानंतर अख्खं ग्रिल भंगारात जातं.

सातवी पायरी: पहिला विस्तव

पहिल्यांदा काहीही न भाजता अर्धा तास मोकळं तापवा. कारखान्यातलं तेल आणि रंगाचा वास निघून जातो.

कोळशासाठी चिमणी नावाचं पत्र्याचं नळकांडं घ्या, ते स्वस्त आहे आणि त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही. वर कोळसा भरा, खाली वर्तमानपत्राचे दोन कागद चुरगळून पेटवा. पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर पांढरट राख धरली की ओता. रॉकेल, पेट्रोल, थिनर, सॅनिटायझर यांपैकी काही कोळशावर टाकायचं नाही. वास अन्नात उतरतो आणि पेटत्या कोळशावर टाकलं तर ज्वाला हातापर्यंत येते. सगळे निखारे एका अर्ध्या भागात रचा, दुसरा अर्धा रिकामा ठेवा. आधी रंग येण्यासाठी निखाऱ्यांवर, मग आतून शिजण्यासाठी रिकाम्या बाजूला, झाकण लावून. ज्वाला उठल्या तर पदार्थ त्या रिकाम्या बाजूला सरकवता येतो. पाणी शिंपडू नका, राख उडून अन्नावर बसते.

गॅससाठी क्रम पाळा. नळी जोडली की साबणाचं पाणी सांध्यांवर लावा, फुगे आले तर गळती आहे. काडी पेटवून तपासणी कधीही नाही. झाकण उघडं ठेवूनच पेटवा. बंद झाकणाखाली साचलेला गॅस भडकतो. पाच सेकंदांत पेटलं नाही तर नॉब बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. सिलिंडर उभा, ग्रिलच्या खाली नव्हे तर बाजूला. वास आला आणि गळती थांबली नाही तर 1906 हा एलपीजीचा आपत्कालीन क्रमांक आहे, आग लागली तर 101. इथेही एक बर्नर मोठा, दुसरा बारीक किंवा बंद, म्हणजे तीच दोन भागांची रचना होते.

आंच हाताने कळते. जाळीपासून चार-पाच इंचांवर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावा लागला तर कडक आंच: मासे, कोळंबी, पनीर. पाच-सहा सेकंद धरता आला तर मध्यम: टंगडी, कणीस. आठ-दहा सेकंद म्हणजे मंद, अख्ख्या कोंबडीसाठी.

कोंबडी शिजली की नाही हे रंगावरून ठरवू नका. बाहेरून काळी पडलेली टंगडी हाडापाशी कच्ची असते. अन्नात खुपसायचा छोटा थर्मामीटर घ्या. हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात 74 अंश सेल्सिअस दाखवले पाहिजेत, मटणखिम्याच्या कबाबात 71, माशात 63. मसाला लावलेलं मांस गच्चीवर तास-तास उघडं ठेवायचं नाही, बर्फाच्या डब्यात ठेवा. कच्चं मांस ज्या ताटात आणलं त्यात भाजलेलं परत काढू नका, आणि उरलेला कच्चा मसाला वरून ओतू नका. मध, गूळ किंवा गोड सॉस शेवटच्या पाच मिनिटांत लावा, आधी लावला तर करपतो.

आठवी पायरी: विझवणं, राख आणि पावसाळा

गॅस: आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, नळीतला गॅस जळून गेला की नॉब बंद. जाळी कोमट असतानाच ब्रशने घासा. ब्रशचे तारेचे तुकडे जाळीला चिकटून अन्नात जाऊ शकतात, म्हणून कांदा अर्धा कापून काट्याला खोचा आणि जाळीवर घासा, वर तेलाचा हात फिरवा. चरबी साठण्याचा खालचा ट्रे दर वेळी रिकामा करा. गॅस ग्रिलला आग लागते ती बहुधा त्या ट्रेमुळे.

कोळसा: दोन्ही भोकं आणि झाकण बंद करून तसंच सोडा. उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. गच्चीवर कुणी पोरं येणार असतील तर निवेपर्यंत कुणीतरी थांबा. राखेच्या आत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. ती प्लास्टिकच्या पिशवीत किंवा सोसायटीच्या कचरापेटीत त्याच रात्री टाकली तर कचरा पेटतो. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात भरा, वर पाणी ओता, आणि निदान एक पूर्ण दिवस गेल्यावरच टाका. नुसत्या लाकडी कोळशाची राख असेल, त्यात चरबी आणि मीठ फारसं नसेल, तर ती चाळून चिमूटभर कुंड्यांना चालते. राख क्षारधर्मी असते, म्हणून कढीपत्ता आणि मोगऱ्याला जास्त घालू नका.

मेअखेरीस ग्रिल आवरून ठेवायचं. जाळी आणि बिडाचे भाग घासून, कोरडे करून, खाद्यतेल चोळून कागदात गुंडाळा. राखेचा कण आत राहू देऊ नका, दमट राख पत्रा खाते. प्लास्टिकचं कव्हर गच्चीवर बांधून ठेवलं तर आत वाफ धरते आणि गंज उलट वाढतो, त्यामुळे शक्य असेल तर ग्रिल आत, कोरड्या जागी. उरलेला कोळसा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पावसाळ्यात उघडी राहिलेली गोणी हवेतलं पाणी पिऊन बसते आणि नोव्हेंबरात पेटत नाही. तशी झालीच तर दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून वाळवा. गॅस ग्रिलच्या बर्नरच्या नळ्यांची तोंडं बारीक जाळीने किंवा फडक्याने बंद करा, कोळी आणि कुंभारमाश्या त्यांत घर करतात. नोव्हेंबरात पेटवण्याआधी ती फडकी काढा, नळ्या आतून साफ करा, नळीची मुदत पुन्हा वाचा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा.